चंद्रावरच्या मातीचा भाव

महोदय,

२०२० मध्ये नासाने चंद्रावरची माती विकत घेण्यासाठी चार करार केले. लूनर आउटपोस्ट कंपनीने बोली लावली फक्त १ डॉलरची! हसू येते; पण तिथला माल विकता येतो, हा पायंडा पाडायचा होता. खरा माल म्हणजे पाणी. ते तहानेपुरते नाही. त्याचे विघटन केले की श्वासाला ऑक्सिजन मिळतो, रॉकेटला इंधनही. चंद्रावर पाण्याचे रेणू असल्याचा पुरावा चांद्रयान-१ वरील उपकरणांनीच दिला. वालचंदनगर, विक्रोळीच्या कारखान्यांनी इस्रोला रॉकेटचे भाग पुरवले आहेत. मग तिथला बर्फ खणायची, वितळवायची यंत्रे बनवायला आपले उद्योजक कुणाची वाट पाहताहेत?

— एक निवृत्त अभियंता, पुणे