उंदरांच्या विषाने मांजरेही मरतात

महोदय,

कोकणात परड्यातल्या माडांवरची कोवळी फळे उंदीर देठाजवळ भोक पाडून खातात, म्हणून ब्रोमॅडिओलोनच्या वड्या सर्रास टाकल्या जातात. या विषाने रक्त गोठायचे थांबते. उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस मलूल होऊन उघड्यावर फिरतो आणि मांजराच्या तावडीत सहज सापडतो. असे उंदीर खात राहिलेल्या मांजराच्या यकृतात विष साठते. हिरड्या पांढऱ्या पडल्या, धाप लागली, नाकातून वा शौचातून रक्त आले, तर तातडीने पशुवैद्याकडे न्यावे. व्हिटॅमिन के-१ वेळेत मिळाले तर मांजर वाचू शकते; मात्र उपचार काही आठवडे चालतो.

विषाआधी उंदीर माडावर चढू नये म्हणून पत्रा लावून पाहा. जमिनीपासून 2 मीटरवर 40 सेंमी रुंदीचा गुळगुळीत, जस्ताचा मुलामा दिलेला (जीआय) पत्रा बुंध्याभोवती घट्ट बसवायचा. त्याआधी शेंड्यातली वाळकी झावळे आणि जुन्या पोयी (वाळलेले फुलोरे) काढाव्यात. उंदराचे घर तिथेच असते आणि ते तसेच ठेवले तर तो वरच अडकून नारळ खात राहतो. शेजारच्या आंब्याची फांदी किंवा दुसऱ्या माडाची झावळे भिडत असतील, तर पत्रा फुकट.

विष वापरावेच लागले, तर वड्या शेंड्यातच ठेवाव्यात. खाली पडलेले उंदीर रोज सकाळी उचलून खोल पुरावेत आणि तोवर मांजराला घरात ठेवावे. घुशीचा बंदोबस्त मांजराकडून होत नाही, तिला पिंजराच हवा.

विक्रेत्यांनी वड्या देताना हे सांगावे आणि प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात व्हिटॅमिन के-१ कायम उपलब्ध असावे, ही विनंती.

– एक बागायतदार, गुहागर