नेट नसलेल्या शाळांतले संगणक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले. जळगाव-धुळ्यात ज्यांच्या घरी फायबरची लाइन आहे, त्यांचे नवीन विंडोज एका रात्रीत उतरते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या ज्या शाळांत फोनला रेंज मिळायची मारामार, तिथले संगणक मात्र आहेत तसेच पडून आहेत. 'नेटच नाही, तर व्हायरस येणार कुठून?' असे अनेक मुख्याध्यापक मनापासून मानतात. तो पेन ड्राइव्हमधून येतो. निकालाची फाइल तालुक्याला नेणारा आणि तिकडून परत येणारा तोच पेन ड्राइव्ह.

खरे तर नेट नसलेल्या संगणकावरही नवी प्रणाली चढवता येते. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल (अख्खे विंडोज एकाच फाइलीत भरलेली प्रत) शहरात उतरवून घ्यावी. ही फाइल ४ जीबीहून मोठी असते. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यात ती बसतच नाही, मग तो भरपूर रिकामा का असेना. आधी तो एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा. शाळेत गेल्यावर चालू विंडोजमध्येच ती फाइल उघडून सेटअप चालवावे, अपडेट उतरवायचे का असे विचारले की 'नॉट राइट नाऊ' निवडावे आणि फाइली व प्रोग्रॅम ठेवण्याचा पर्याय घ्यावा. सगळे पुसून कोरे विंडोज ११ टाकायला गेले, तर सुरुवातीलाच ते नेट मागते आणि काम तिथेच अडते. पुढचे मासिक अपडेटही मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून फाइल घेऊन असेच नेता येतात.

बरेच जुने संगणक विंडोज ११ च्या टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) किंवा प्रोसेसरच्या अटीत बसत नाहीत. ते भंगारात काढायची घाई कृपया कोणी करू नये. त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवरून, नेटशिवाय बसते; मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलकही त्यात आहे. मुलांना लिहायला, हिशेबाचे तक्ते करायला, चित्रे काढायला एवढे पुरते.

माझी काळजी वेगळीच आहे. अधिकृत प्रत हाताशी नसली की शाळा बाजारातून कोणीतरी दिलेले 'क्रॅक' (परवान्याचे कुलूप तोडलेले) विंडोज टाकून घेते. त्यात काय दडले आहे, हे शिक्षकाला कळायला मार्ग नसतो. म्हणून प्रत्येक गटसाधन केंद्रात अधिकृत आयएसओ फाइली एका हार्ड डिस्कवर ठेवाव्यात, त्यांचा हॅश (फाइल जशीच्या तशी आहे का हे ओळखण्याचा तिचा आकडा) मूळ संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहावा (विंडोजमधल्या सर्टयुटिल आज्ञेने हे मिनिटभरात होते) आणि केंद्रप्रमुखांच्या बैठकीला येणाऱ्या शिक्षकांना त्या भरून द्याव्यात. खर्च एका हार्ड डिस्कचा आणि थोड्या पेन ड्राइव्हचा. नंदुरबार जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने हे मनावर घ्यावे आणि सुरुवात धडगाव तालुक्यापासून करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक शिक्षक, शहादा (जि. नंदुरबार)