बाळंतिणीला वेगळा अर्धा तास कुठून मिळणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नव्या आईने ध्यान करावं, मन शांत ठेवावं, असा सल्ला हल्ली जो तो देतो. त्यासाठी पहाटेचा अर्धा तास, शांत खोली आणि मिटलेले डोळे लागतात म्हणे. तान्हं बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा अंगावर पितं. त्यात पहाट कुठली आणि अर्धा तास कुठला? आम्हा घरभेटी करणाऱ्या परिचारिकांचं स्पष्ट मत आहे की वेगळा वेळ काढूच नये. हातात जे काम आहे त्यातलीच दोन मिनिटं धरावीत.

सगळ्यात सोयीचं म्हणजे पाजणं. पाठ भिंतीला किंवा लोडाला टेकवा, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घ्या, मांडीवर उशी ठेवून बाळ छातीच्या उंचीवर आणा. खांदे वर चढलेले असतात, ते सैल सोडा. आत घ्यायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ लावून श्वास बाहेर टाका, असं तीनदा. मग बाळाकडे कान द्या. आधी ते भराभर, उथळ चोखतं; दूध उतरलं की चोखणं संथ होतं आणि मधेमधे घोट गिळल्याचा आवाज येतो. तो बदल टिपायचा, बस्स. मन बारशाच्या यादीकडे, नळाच्या पाण्याकडे पळणारच. पळालं हे ध्यानात आलं की परत त्या घोटाकडे यायचं. मन कोरं होत नाही म्हणून पुष्कळजणी 'मला नाही जमत' म्हणून सोडून देतात, आणि ह्याचं आम्हाला फार वाईट वाटतं, कारण पळणं आणि परतणं हाच सराव आहे. आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापुरात शेजारी मागांचा खडखडाट चालू असला तरी काही अडत नाही.

पाजताना दुखत असेल तर मात्र लक्ष एकाग्र करून सोसत बसू नका. बहुधा बाळाने नुसतं बोंड धरलेलं असतं. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा: तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. दुखणं आणि ताण यांनी दूध उतरायलाही वेळ लागतो. सिझेरियन झालं असेल तर खोल श्वासाने टाके ओढतात. पोटावर उशी धरून हलका श्वास घ्या. काहीजणींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरायला होतं. त्यांनी श्वासाचा नाद सोडावा, तळपाय जमिनीला कुठे टेकलेत ते पाहावं. रात्री पाजताना डोळे मिटू नयेत. झोप लागून बाळ उशीत दबण्याचा धोका असतो.

आणखी एक, आपल्याकडचं. शेक-शेगडी, धुरी झाली की खोली बंद ठेवायची पद्धत अजून आहे. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. तशा खोलीत दीर्घ श्वास घ्यायला सांगणं धोक्याचं आहे. शेगडी बाहेर न्या, खिडकी उघडा.

लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवायला 40 सेकंद लागतातच. तेवढा वेळ पाण्याची ऊब आणि फेस यांकडेच लक्ष असू द्या. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या आयांनी तर बाळाला घेण्याआधी हात धुऊन लुगडंही बदलावं.

बाळ रडायचं थांबत नाही आणि डोक्यात सणक जाते, तेव्हा भूक, ओला लंगोट, जास्तीचं गुंडाळणं एवढं तपासा. तरीही थांबलं नाही तर त्याला उताणं, सुरक्षित जागी ठेवून पाच मिनिटं दाराबाहेर उभं राहा. बाळाला गदागदा कधीही हलवू नका.

घरच्यांना विनंती: पाजताना पाहुणे आत सोडू नका आणि 'दूध पुरतंय का' हे दर तासाला विचारू नका. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय.

ह्या सरावाने मनाचा आजार मात्र बरा होत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं नेहमीचं आहे आणि ते दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ निजलेलं असूनही झोप येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. आशाताई घरी येतात तेव्हा बाळाच्या वजनाबरोबर आईच्या झोपेचीही चौकशी व्हावी. महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजहून इकडे कर्नाटकात सुना म्हणून आलेल्या कितीतरी मुलींना कन्नड वाचता येत नाही. त्यांच्यासाठी अंगणवाडीत ही माहिती मराठीतही लावावी, अशी आमची आरोग्य खात्याकडे मागणी आहे. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 ह्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं आणि तोवर तिला बाळासह एकटं ठेवू नये.

आपल्या,
घरभेटी करणाऱ्या काही परिचारिका, बेळगाव