बारा संघांचा खेळाडू

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर परदेशी आइस हॉकीला जागा मिळते ती विजेत्यांपुरतीच. म्हणून माइक सिलिंजर या कॅनडाच्या खेळाडूकडे लक्ष वेधू इच्छितो. डेट्रॉइट संघाने १९८९ मध्ये नवोदितांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्याच फेरीत निवडलेला हा खेळाडू उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये तब्बल बारा संघांकडून खेळला आणि संघांमध्ये त्याची नऊ वेळा अदलाबदल झाली. २००३ मध्ये तर कोलंबसने त्याला डॅलसला दिले आणि डॅलसने एकही सामना न खेळवता फिनिक्सकडे धाडले. करारात अदलाबदलीला नकार देण्याचे कलम नसेल, तर अशा वेळी खेळाडूची संमती विचारली जात नाही. बिऱ्हाड, मुलांची शाळा, सारे त्याने आणि घरच्यांनी निस्तरायचे.

तरीही त्याला मागणी का राहिली? पंच रबरी चकती टाकतो त्या क्षणी, लाल ठिपक्यावर वाकलेल्या प्रतिस्पर्ध्याआधी ती आपल्या साथीदाराकडे ओढण्यात तो वाकबगार होता, आणि आपल्या संघाचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असताना किल्ला लढवण्याचे, फारसे नाव न देणारे कामही त्याने मनापासून केले. १,०४९ सामने आणि २४० गोल ही कामगिरी किरकोळ नव्हे. कोलंबसनेच पुढे २०२१ मध्ये त्याचा मुलगा कोल याची निवड केली, याचा मला विशेष आनंद वाटतो.

अशा खेळाडूंच्या कारकिर्दीवर आपण सविस्तर लेख छापावेत, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे