नाइट ड्यूटीवरून सोहमला

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "आई, सरांनी मला फॉरवर्डवरून काढून राइट बॅकला का टाकलं?" मी म्हणाले, "सर सांगतात तसं कर, त्यांना जास्त कळतं." तू नुसतं "हं" म्हणालास आणि फोन आज्जीकडे दिलास. ते "हं" आठ दिवस माझ्या कानात आहे. आत्ता पहाटेचे तीन वाजलेत, वॉर्ड झोपलाय, म्हणून लिहायला बसले.

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, हे तुला माहीत आहे. फॉरवर्ड पुढे गोल मारतो आणि राइट बॅक मागे उजवीकडे बचाव करतो, एवढंच ठाऊक. म्हणून तुझ्या मामाला विचारलं, चांगला राइट बॅक म्हणजे कोण रे? त्याला विचारायचीच खोटी. "अक्का, लिलियन थुराम! फ्रान्सचा." १९९८च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल आपल्याकडे रात्री साडेबाराला लागली होती आणि बाबांच्या शिव्या खात त्यानं ती शेजाऱ्यांकडे बघितली, हेही सांगितलं. तेव्हापासून रोज रात्री फोनवर मी त्या थुरामचं काही ना काही वाचते. वॉर्डमधल्या पोरी हसतात.

तो जन्मला १ जानेवारी १९७२ला, ग्वादलूपमध्ये. कॅरिबियन समुद्रातलं फ्रान्सच्या ताब्यातलं बेट, आपल्याकडच्यासारखं उसाचं. तो ऊस पिकवायला आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली होती, ती गुलामी १८४८ला संपली. थुराम त्यांच्याच वंशातला. त्याच्या आईचं नाव मारियाना. पदरात पाच पोरं, नवऱ्याचा आधार नाही. पोरांना मागे ठेवून ती आधी एकटी पॅरिसकडे गेली, लोकांकडे साफसफाईची कामं केली, आणि १९८१मध्ये पोरांना बोलावून घेतलं. लिलियन तेव्हा नऊ वर्षांचा होता.

इथं मी फोन खाली ठेवला. मी पुण्याला आले तेव्हा तू सात वर्षांचा होतास, आणि मी तुला बोलावून घेतलं नाही. एक खोली, ही असली ड्यूटी, बघायला कोणी नाही. कारणं खोटी नव्हती. पुण्यात तुला तिकडच्यासारखी पेठेची टीम कुठली मिळाली असती, हेही मी स्वतःला सांगत असते. ते कारण मात्र मी नंतर शोधलंय.

पॅरिसजवळच्या शाळेत पोरं त्याला एका काळ्या गाईच्या नावानं चिडवायची. टीव्हीवर कार्टून लागायचं, त्यात एक काळी गाय होती, मूर्ख दाखवलेली. घरी येऊन त्यानं आईला विचारलं, असं का? ती म्हणाली, लोक असेच असतात, ते काही बदलायचं नाही. बिचारी दिवसभर राबून आलेली असणार. पण त्या उत्तरानं त्याचं समाधान झालं नाही, हे तो मोठेपणी कितीदा तरी सांगत आला. खेळ सोडल्यावर २००८मध्ये त्यानं वर्णद्वेषाविरुद्ध शिक्षण देणारी संस्थाच काढली. मला वाटतं, आईकडून न मिळालेलं उत्तर तो अजून शोधतोय. माझं "सर सांगतात तसं कर" त्याच जातीचं होतं. दमलेल्या बाईचं उत्तर.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. थुराम मोनॅकोच्या क्लबात आर्सेन वेंगर या कोचच्या हाताखाली तयार झाला, मग इटलीत पार्मा, युव्हेंटस आणि शेवटी स्पेनमध्ये बार्सिलोना. पार्मात तो बचावाच्या मधोमध खेळायचा, कानावारोच्या शेजारी, मागे गोलला बुफॉन. त्याला तीच जागा आवडायची. फ्रान्सच्या टीममध्ये मात्र मधल्या दोन जागा लॉराँ ब्लाँ आणि मार्सेल देसाईच्या, म्हणून हा उजवीकडे. म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या राइट बॅकलाही तिथं दुसऱ्यांच्या सोयीनंच उभं केलं होतं. सरांनी तुला का टाकलं ते मला अजूनही माहीत नाही. तू त्यांनाच विचार, नीट, सगळ्यांसमोर नको.

आणि ती सेमीफायनल, ८ जुलै १९९८, क्रोएशियाशी. हाफटाइमनंतर लगेच क्रोएशियाच्या सुकरनं गोल केला. का झाला, ते मला आमच्या वॉर्डबॉय मामांनी टेबलावर इंजेक्शनच्या बाटल्या मांडून दाखवलं. "ही सुकर, ही थुराम. सिस्टर, बाकीचे पुढं सरकले आणि हा मागं राहिला, म्हणून सुकर ऑफसाइड नाही." म्हणजे चूक थुरामचीच! ऑफसाइड मला पहिल्यांदा कळला तो असा: बॉल दिला जाताना गोली सोडून बचावाच्या शेवटच्या गड्याच्याही पुढे असलास, तर गोल धरत नाहीत. पण पुढच्याच मिनिटाला यानं वर जाऊन त्यांच्या बोबानकडून बॉल काढून घेतला, आपल्या टीमच्या जॉरकाएफकडे दिला, परत घेतला आणि गोल. मग सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास दुसरा, लांबून, डाव्या पायानं. दुसऱ्या गोलनंतर गुडघ्यावर बसून तो ओठावर बोट ठेवून विचारात पडल्यासारखा. आमच्या भिंतीवर 'शांतता राखा'वाली नर्स आहे ना, थेट तशी पोज.

चार दिवसांनी ब्राझीलला ३-० हरवून फ्रान्सनं कप घेतला. थुराम देशासाठी १४२ सामने खेळला, आणि त्या सगळ्यांत त्याचे गोल दोनच, दोन्ही त्या रात्रीचे. मी वॉर्डबॉय मामांना विचारलं, मग बाकीच्या १४१ सामन्यांत काय केलं त्यानं? ते म्हणाले, "सिस्टर, ते स्कोअरबोर्डवर नसतं हो." मला नाइट ड्यूटी आठवली. सकाळी राउंडला डॉक्टर विचारतात, रात्री काही विशेष? आम्ही म्हणतो, काही नाही.

त्याची दोन्ही पोरं खेळतात, बरं का. मोठा मार्कस इंटर मिलानकडून फॉरवर्ड, धाकटा केफ्रेन युव्हेंटसकडून मिडफिल्डला. बापानं कुणालाच मागे उभं केलं नाही! हे तुला खरं तर सांगायला नको होतं.

एक गोष्ट मात्र नर्स म्हणून सांगते, यात वाद नको. २००८मध्ये पॅरिसच्या क्लबकडे जायच्या आधी थुरामची तपासणी झाली, हृदयात दोष निघाला आणि खेळणं थांबलं. त्याचा एक भाऊ तशाच दोषानं बास्केटबॉल खेळताना गेला होता. म्हणून आज्जीबरोबर जाऊन ईसीजी काढ आणि मला फोटो पाठव. आज्जीला थुरामचं सांगू नकोस, ती खेळच बंद करेल.

पुढच्या रविवारी सुट्टी मिळाली आहे. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघते. मॅच कितीला आहे ते कळव, आणि स्टेडियममध्ये उजवी बाजू नीट दिसेल असं कुठं बसायचं, तेही.

तुझी,
आई