ऑप-ॲम्प नेमका कशासाठी, हे दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून आपण कितीतरी विद्यार्थ्यांची सर्किटे मार्गी लावली असतील. फोटोडायोडचा (प्रकाश पडला की प्रवाह देणाऱ्या घटकाचा) ॲम्प्लिफायर, म्हणजे त्या प्रवाहाचे व्होल्टेज करणारे सर्किट, मला समजला तो आपल्यामुळे, म्हणून हे जाहीर आभार.

पुस्तकात या सर्किटचे सूत्र एका ओळीत संपते: डायोडचा प्रवाह गुणिले फीडबॅकचा, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे जोडलेला, रेझिस्टर. 1 मायक्रोॲम्पिअर आणि 1 मेगाओहम, म्हणजे 1 व्होल्ट. एवढेच हवे असेल तर तो रेझिस्टर थेट डायोडला जोडूनही काम भागले असते, मग ऑप-ॲम्प (दोन इनपुटांमधला फरक प्रचंड पटींनी वाढवणारी चिप) कशाला, असे आपण विचारलेत आणि उत्तर न देता बीपीडब्ल्यू 34 या फोटोडायोडची डेटाशीट पुढे ठेवलीत. शून्य व्होल्टला त्या डायोडची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) सुमारे 70 पिकोफॅरड असते. रेझिस्टर थेट जोडला की प्रकाशाच्या प्रत्येक बदलाबरोबर आधी ती भरावी किंवा रिकामी व्हावी लागते आणि बँडविड्थ (किती वेगाचे बदल टिपता येतात ती मर्यादा) जेमतेम 2.3 किलोहर्ट्झ उरते. ऑप-ॲम्प मात्र आपले आउटपुट सतत असे हलवतो, की डायोडच्या दोन टोकांमधले व्होल्टेज जवळजवळ शून्यच राहते आणि ते बदलतच नसल्याने कपॅसिटन्स भरण्यात वेळ जात नाही. असे शून्याजवळ धरून ठेवलेले टोक म्हणजेच आभासी ग्राउंड; त्याचा खरा उपयोग हा आहे, आणि माझ्या मते तो सूत्राच्या आधी शिकवायला हवा.

हीच कपॅसिटन्स दुसरीकडे त्रास देते, हेही आपण ऑसिलोस्कोपवर दाखवलेत. फीडबॅकच्या रेझिस्टरसोबत ती परत येणाऱ्या सिग्नलला उशीर करते, तो उशीर ऑप-ॲम्पच्या स्वतःच्या उशिरात मिळतो आणि आउटपुट थरथरू लागते. टीएल 072 या ऑप-ॲम्पची गेन-बँडविड्थ (त्याच्या वेगाचे माप) 3 मेगाहर्ट्झ आणि इनपुटची एकूण कपॅसिटन्स 80 पिकोफॅरड धरून आपण हिशेब केलात, तेव्हा ही थरथर थांबवायला रेझिस्टरला समांतर जोडायचा कपॅसिटर निघाला अवघा 2 पिकोफॅरडचा. ब्रेडबोर्डच्या शेजारच्या पट्ट्यांमध्येच साधारण तेवढी कपॅसिटन्स असते, त्यामुळे ब्रेडबोर्ड बाजूला सारून आपण इनपुटचा सांधा हवेतच सोल्डर करून दिलात. बँडविड्थ 80 किलोहर्ट्झच्या आसपास गेली. (तिथे 741 हा दुसरा ऑप-ॲम्प लावला असता, तर त्याच्या इनपुटला लागणाऱ्या 80 नॅनोॲम्पिअरच्या बायस प्रवाहाने काळोखातही 80 मिलिव्होल्ट दाखवले असते.)

रेझिस्टर मोठा ठेवण्याचा आपला आग्रहही आता पटतो: सिग्नल रेझिस्टरच्या प्रमाणात वाढतो, त्याचा औष्णिक नॉइज (उष्णतेमुळे उमटणारा नको असलेला सिग्नल) मात्र वर्गमुळाच्या प्रमाणात, त्यामुळे लहान रेझिस्टर लावून पुढच्या टप्प्यात सिग्नल वाढवला तर ही कसर भरून निघत नाही.

डायोडला उलटे व्होल्टेज दिल्यास कपॅसिटन्स आणखी घटेल, पण काळोखातला गळती प्रवाह वाढेल. मला मंद प्रकाश मोजायचा असल्याने तूर्त तो शून्य व्होल्टवरच ठेवला आहे. आपले मत वेगळे असल्यास जरूर कळवावे.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी