घड की बाळी

नाशिक, गंगापूर रोड
१४ जून

प्रिय सुमन,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. मागे ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू होता, त्यामुळे मधलं बरंच उडालं, पण मुद्दा पोचला. पल्लवीला सातवा लागलाय, आणि तपासणीला गेलात तिथे एक टायवाला मुलगा नाळेतलं रक्त साठवायचं साठ हजारांचं पॅकेज गळ्यात मारू बघतोय. 'मावशी, यात बाळाच्या सगळ्या अवयवांचं बियाणं असतं, उद्या लिव्हर बिघडलं तरी यातून नवं तयार होईल,' असं म्हणाला म्हणे. जावईबापू सहीला तयार आहेत आणि तू मला विचारतेस, 'तू आयुष्यभर कोंबडीची अंडी फोडून पोरांना गर्भ दाखवलेस, खरं काय ते सांग.'

थोडक्यात सांगायचं तर सही करू नका. पण थोडक्यात उत्तराने तुझं समाधान कधी झालेलं नाही, हे हॉस्टेलपासून माहीत आहे. म्हणून नीट बसून लिहितेय.

तुझ्या द्राक्षबागेपासूनच सुरू करते. एप्रिलची खरड छाटणी होऊन साठेक दिवस झाले असतील. काडीवरच्या डोळ्यांत सध्या काय चाललंय ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुमची सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात ती हीच. पण एखादा डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलास तर पेशींचा एक बारीकसा उंचवटा दिसेल. सुरुवातीला तो घडही नसतो आणि बाळीही, म्हणजे आधाराला गुंडाळणारी ती बारीक तारही, नसते. दोन्ही व्हायची त्याची तयारी असते. ऊन भरपूर मिळालं, काडीत सायटोकायनिन हे वाढीचं संप्रेरक पुरेसं असलं, की तो फांद्या फोडत जातो आणि त्याचा घड होतो. आभाळ दाटून राहिलं, वेल नुसती वाढीला लागली, जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक वरचढ झालं, की त्याच उंचवट्याची बाळी होते. रावसाहेब शेंडा मारतात, सबकेन करतात, नत्र आणि पाणी तोडतात, सहा-बीए हे सायटोकायनिन फवारतात, ते सगळं याच एका निवाड्यासाठी. आणि तो निवाडासुद्धा अगदी पक्का नसतो. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ राहिलं की फुटीवर दिसलेला कोवळा घड जिरतो आणि तिथे बाळी लोंबते. तेव्हा तुमच्या घरात किती दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही, तेही मी पाहिलंय.

याचं एक टोकाचं उदाहरण आहे. शॅम्पेन ज्या द्राक्षांपासून करतात त्यात पिनो म्युनिए नावाचं एक वाण आहे. त्याच्या सगळ्यात बाहेरच्या थरातल्या पेशींत एका जनुकात बदल झालेला असतो, आतल्या थरांत नसतो. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी फक्त त्या बाहेरच्या थरापासून रोप वाढवलं. ते बुटकं निघालं, आणि जिथे बाळ्या यायच्या तिथे त्याला घड आले! २००२ साली हे छापून आलं. त्या रोपाला जिबरेलिनचा निरोप ऐकूच येत नव्हता. नाहीतर त्याच्या पेशीत आणि साध्या वेलीच्या पेशीत फरक तो काय?

आता बाळाकडे येऊ. माणसाचं काय आणि कोंबडीचं काय, सुरुवात एका फळलेल्या पेशीपासून. तिचे दोन भाग, चार, आठ. त्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच, एकही कमी-जास्त नाही. मग एकीची पापणी कशी होते आणि दुसरीचं यकृत कसं? दीडशे वर्षांपूर्वीची माणसं म्हणायची की वाटणी होत असेल, प्रत्येकीच्या वाट्याला आपापला हिस्सा येत असेल. जर्मनीतल्या रू नावाच्या शास्त्रज्ञाने १८८८ साली बेडकाच्या दोन पेशींपैकी एक तापलेल्या सुईने मारली. उरलेलीपासून अर्धाच गर्भ झाला. झालं, सगळ्यांना पटलं. तीनच वर्षांनी ड्रीश नावाच्या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने समुद्री अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या गर्भाच्या दोन पेशी हलवून हलवून सुट्या केल्या, तर प्रत्येकीपासून लहानखुरी पण पूर्ण अळी झाली. रूने मारलेली पेशी चिकटलेलीच राहिली होती, आणि तिच्यामुळे जिवंत पेशीला आपण अर्धेच आहोत असं 'वाटत' होतं. पेशीला वाटत-बिटत काही नसतं, पण वर्गात हे असंच सांगितलं की पोरांच्या लक्षात राहतं.

कोंबडीचं अंडं मी का सोडलं नाही ते तुला माहितीये. दुकानातलं अंडं चालत नाही, ते फळलेलं नसतं, हॅचरीतून आणावं लागतं. उबवण यंत्रात दोन दिवस ठेवायचं. मग कवच फोडून बलक कोमट सलाइनमध्ये सोडायचा. वर फिकट चकती दिसते, तिच्यावर फिल्टर पेपरचा छल्ला अलगद टेकवायचा, बाहेरून कात्रीने पापुद्रा कापायचा आणि छल्ल्यासकट उचलायचा. मध्ये वळलेला, काचेसारखा आरपार दिसणारा गर्भ, नखाहून लहान. पाठीच्या दोन्ही बाजूंना ठोकळ्यांच्या जोड्या. साधारण दर दीड तासाला एक नवी जोडी, पुढून मागे. त्यांतूनच पुढे मणके आणि पाठीचे स्नायू होतात. आणि धडधडणारं हृदय. दरवर्षी कुणीतरी पोर 'मॅडम, हे हलतंय!' म्हणून किंचाळायचीच. तेव्हा रक्त अजून नीट लाल झालेलं नसतं, मेंदूच्या जागी नुसते फुगे असतात, आणि हे आपलं चालू झालेलं असतं.

हे हृदय सुरुवातीला दोन ठिकाणी असतं, डावीकडे आणि उजवीकडे. दोन्हीकडच्या पेशी सरकत मध्ये येतात आणि जुळतात. त्यांना मध्ये येऊ दिलं नाही तर दोन हृदयं होतात आणि दोन्ही धडधडतात. 'एकच हृदय करा' असा हुकूम कुणीच दिलेला नसतो. पेशी आपल्या शेजारणींकडे बघून वागतात, त्यातून एक होतं.

आता तुला एका बाईची गोष्ट सांगायची आहे. हिल्डे मॅन्गोल्ड. जर्मनीत फ्रायबुर्गला हान्स स्पेमान यांच्याकडे ती पीएचडीला होती. काम न्यूटच्या गर्भावर. न्यूट म्हणजे पाण्यात राहणारा, पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या गोतातला प्राणी. गर्भ जेमतेम मोहरीएवढा. हत्यारं म्हणजे काचेच्या बारीक सुया आणि तान्ह्या बाळाच्या केसाचे फास. प्रतिजैविकं नव्हती, त्यामुळे बहुतेक गर्भ सडून जायचे. हिने फिकट जातीच्या गर्भातून एका ठरावीक जागेचा तुकडा काढला. गर्भाच्या पेशी आत वळतात त्या भेगेचा वरचा ओठ. तो गडद जातीच्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला. रंग वेगळे होते, त्यामुळे कुठली पेशी कुणाची ते नंतर ओळखता येणार होतं.

पोटाच्या जागी दुसरा गर्भ वाढला. पाठीचा कणा, मज्जारज्जू, सगळं, पहिल्याला जोडून. आणि खरी गोम अशी की त्या दुसऱ्या गर्भातला मज्जारज्जू जवळजवळ सगळा यजमानाच्या गडद पेशींचा होता. ज्या पेशी पोटाची कातडी होणार होत्या, त्या पाहुण्या तुकड्याच्या शेजारी आल्या म्हणून चेतापेशी झाल्या.

हे १९२४ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी हिल्डे स्वयंपाकघरातल्या शेगडीचा भडका उडून भाजली आणि गेली. पंचविशीत, घरात लहान मूल. शेगडीचा भडका म्हटलं की आपल्याकडच्या बायकांच्या मनात नको ते येतं, पण तो खरोखर अपघात होता. १९३५ चं नोबेल एकट्या स्पेमान यांना मिळालं.

त्या तुकड्यातून नक्की काय निघतं, हे शोधायला पुढची सत्तर वर्षं लागली. सगळे 'मेंदू हो' असं सांगणारा रेणू शोधत होते. नव्वदच्या दशकात नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिनं सापडली, आणि कळलं की ती असलं काही सांगतच नाहीत. त्या वयातल्या गर्भात बीएमपी नावाचं प्रथिन सगळीकडे भरलेलं असतं आणि ते पेशींना कातडी व्हायला लावतं. नॉगिन आणि कॉर्डिन त्या बीएमपीला धरून ठेवतात, पेशीपर्यंत पोचू देत नाहीत. गल्लीत वरातीचा डीजे लागलाय आणि कुणीतरी येऊन तुमची खिडकी लावून दिली, तसं. आत शांतता झाली की पेशी मूळच्या कलाने जाते, आणि तो कल चेतापेशी व्हायचा असतो. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका आनंद झाला होता की शिकवताना दरवर्षी इथे माझा आवाज चढायचा. आपण समजतो मेंदू म्हणजे शेवटचं, सगळ्यात अवघड काम. आणि इथे कातडी व्हायला हुकूम लागतो, मेंदू व्हायला तो हुकूम फक्त अडवावा लागतो.

अर्थात पेशीला निवडीची मुभा कायम नसते. माणसाचा गर्भ पाच दिवसांचा होईपर्यंत बाहेरच्या पेशी वारेच्या (प्लासेंटाच्या) कामाला लागलेल्या असतात, आतला छोटा पुंजका बाळासाठी उरतो. दोन आठवड्यांनी त्याचे तीन थर पडू लागतात: एकातून कातडी आणि चेतासंस्था, एकातून हाडं, स्नायू, रक्त, एकातून आतडी, यकृत, फुप्फुसांचं अस्तर. प्रत्येक टप्प्याला पुढचे पर्याय कमी होतात. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मज्जारज्जूची नळी मिटायला हवी. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याची खात्रीसुद्धा झालेली नसते. म्हणून धाकट्या सुनेला आत्ताच सांगून ठेव: मुलाचा विचार सुरू केला की लगेच डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिडची गोळी. रोज ४०० मायक्रोग्रॅम. पाळी चुकल्यावर सुरू केली तर उशीर झालेला असू शकतो.

आणि आता तुझ्या टायवाल्या मुलाचं बियाणं. नाळेतल्या रक्तात मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात अशा पेशी, असतात, हे त्याचं खरं आहे. पण त्या रक्ताच्या मूळपेशी. हे सगळे टप्पे ओलांडून त्या कधीच पुढे आल्या आहेत. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एवढं त्या करतात, आणि झकास करतात. १९८८ साली पॅरिसमध्ये फॅन्कोनी ॲनिमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या एका मुलाला त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीच्या नाळेतलं रक्त देऊन बरं केलं, ती पहिली वेळ. ल्युकेमियात, थॅलसेमियातही उपयोग होतो. पण लक्षात घे, दिलं ते बहिणीचं होतं. बाळाला स्वतःलाच थॅलसेमिया असेल तर त्याच्या नाळेतल्या पेशीतही तोच दोष. साठवून काय करणार? शिवाय एका नाळेतल्या पेशी मोठ्या माणसाला बऱ्याचदा पुरत नाहीत. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की पुढे स्वतःला लागेल म्हणून असं रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही. घरात आधीच एखाद्या भावंडाला रक्ताचा असा आजार असता तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे तसं कुणी नाही.

तो म्हणेल, 'विज्ञान पुढे जातंय, मावशी.' जातंय की! पण कुठे, ते त्याला विचार. १९६२ साली जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून, स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं, आणि त्यातून पोहणारी पिल्लं निघाली. म्हणजे आतड्याच्या पेशीने काही गमावलेलं नव्हतं, नुसतं मिटून ठेवलं होतं. २००६ साली क्योटोत यामानाका यांनी उंदराच्या कातडीतल्या पेशींत चार जनुकं घालून त्या जवळजवळ अगदी सुरुवातीच्या गर्भातल्या पेशींसारख्या करून दाखवल्या. पुढच्या वर्षी माणसाच्या पेशींतही जमलं. २०१२ चं नोबेल दोघांना मिळून. यातून इलाज यायला वेळ लागेल, त्या चारांतलं एक जनुक कॅन्सरशी संबंध असलेलं आहे, धोके आहेत. पण उद्या खरोखर यकृताच्या पेशी करता आल्या तर त्या पल्लवीच्या पोराच्या कातडीपासून किंवा दंडातल्या रक्तापासून करतील. नाळ साठ हजार देऊन गोठवून ठेवायची गरज तेव्हा तर आणखीच कमी.

नाळेसाठी काही करायचंच असेल तर पल्लवीच्या डॉक्टरीणबाईंना एवढं विचारा, की बाळ-बाळंतीण ठीक असतील तर नाळ बांधायला निदान मिनिटभर थांबाल का? जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढचे महिने त्याला लोह पुरतं. साठवणीसाठी रक्त भरपूर हवं असलं की तिथेच घाई होते. ज्याचं रक्त आहे त्याला फुकटात मिळू दे.

शनिवारपर्यंतच सवलत आहे, असं तो म्हणाला ना? बाळ सप्टेंबरात यायचंय, सवलतीची कसली घाई. जावईबापू शिकलेले आहेत, पण सासूचं ऐकतीलच असं नाही, म्हणून त्यांना माझा नंबर दे. शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर फोन करायला सांग, मी रागावणार नाही, समजावून सांगेन. आणि रावसाहेबांना म्हणावं, या आठवड्यात ढग आहेत, दोन-चार डोळे तपासणीला पाठवा. रिपोर्ट आला की मलाही पाठव, मला बघायचाय.

तुझी,
मंदा